रोहिड्याची दुसरी फेरी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या मोहल्ल्यात एकच चर्चा सुरू होते, यंदा कुठे जायचं? ज्यांच्या हातात चार पैसे आहेत ते काश्मीरचं नाव काढतात. गुलमर्गला हिवाळ्यात स्कीइंग चालतं. बर्फ वितळलं की त्याच उतारांवर हिरवं गवत येतं, घोडेवाले उभे राहतात आणि हिवाळ्यात स्कीवाल्यांना वर नेणारा गोंडोला उन्हाळ्यात लेकुरवाळ्या कुटुंबांना घेऊन जातो. तिथल्या माणसांनी एकाच डोंगराचे दोन हंगाम केले.

आमच्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरांना मात्र आम्ही एकच हंगाम दिला आहे, तो पावसाळ्याचा. धबधबे सुरू झाले की मढे घाटाकडे गाड्यांची रांग लागते. एप्रिल-मेमध्ये मुलं घरात मोबाइल चाळत बसतात आणि डोंगर मोकळे पडलेले असतात. ते मोकळे असतात त्याला कारण आहे, ऊन. पण उन्हाशी जुळवून घेता येतं. हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, स्वतःच्या चुकीतून शिकलो. ती चूक आज सांगायची आहे, कारण तिचा दोष भलत्याच माणसाला लागला होता.

भोरपासून सात-आठ किलोमीटरवर बाजारवाडी आहे. तिथून रोहिडा किल्ल्याची वाट चढते. ह्यालाच विचित्रगडही म्हणतात. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर, चढ तासाभराचा. म्हणजे लहान मुलांनाही जमेल असा. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही घरातली सहा माणसं निघालो. निघालो कधी? नाश्ता झाला, डबे भरले, शेजारच्यांना सांगून झालं आणि साडेनऊ वाजले. पायथ्याशी पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. सहा जणांत पाण्याच्या तीन बाटल्या होत्या. वाटेवर सावलीचं झाड शोधावं लागतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

पहिला दरवाजा दिसू लागला होता तेवढ्यात आमची थोरली लेक, तेव्हा तेरा वर्षांची, मटकन खाली बसली. तोंड लाल झालेलं, डोळ्यांसमोर अंधारी, मग उलटी. तिच्यामागोमाग मधल्या मुलाच्या पोटऱ्यांत गोळे आले. तिघांच्या वाट्याचं पाणी आधीच संपलं होतं. करवंदाच्या जाळीच्या आडोशाला तिला निजवलं. गुरं वळणाऱ्या एका मावशी धावत आल्या. आपल्या जवळचं पाणी तिच्या डोक्यावर, मानेवर घातलं, घोटघोट पाजलं आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "पोरीला ऊन लागलंय. ही काय यायची वेळ झाली का?" आम्ही गप्प. मग हळूहळू खाली उतरलो. अल्लाहची मेहरबानी, संध्याकाळपर्यंत ती बरी झाली.

पण घरी आल्यावर गोष्ट बदलली. भेटायला आलेल्या नातेवाइकांत एक म्हणाल्या, "मोठी झालेली मुलगी, तिला डोंगर कशाला?" दुसऱ्या म्हणाल्या, "मुलींना नाही झेपत हे." गोळे आलेल्या मुलाबद्दल कोणी बोललं नाही. उलट त्याला पुढच्या वेळी जास्त पाणी ने म्हणून सांगितलं. मुलाला पाण्याचा सल्ला मिळाला आणि मुलीला घरी बसण्याचा. वाईट याचं वाटतं की आम्हीही त्या बैठकीत होतो, शाळेत रोज मुलांना कारण आणि परिणाम शिकवतो, आणि तरी एक शब्द बोललो नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एका रात्री लेकीनेच विचारलं, "मी मुलगी म्हणून आजारी पडले, की आपण उशिरा निघालो म्हणून?" वर्गात असा प्रश्न आला असता तर शाबासकी दिली असती. घरात उत्तर द्यायला आम्हाला दोन दिवस लागले. मग सगळ्यांसमोर, अम्मीसमोरही, सांगितलं की चूक आमची होती, वेळेची आणि पाण्याची. आणि ती चूक दुरुस्त करायला पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जायचं.

गेल्या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी तयारी लेकीने केली, आम्ही फक्त तिचं ऐकलं. तिची यादी इथे देतो, कारण ती कुठल्याही डोंगराला लागू पडते.

पहिली गोष्ट वेळ. फजरची नमाज झाली की निघायचं, सूर्य उगवताना पायथ्याशी असायचं आणि दहाच्या आत खाली उतरायचं. दुसरी गोष्ट पाणी. माणशी किमान दोन लिटर, लहानांचंही वेगळं. किल्ल्यावर टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर चढायचं नाही. त्याशिवाय एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेलं पाणी सोबत. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी घोटभर प्यायचं. तिसरी गोष्ट कपडे. सुती, सैल, फिकट रंगाचे. ओढणी असो, बुरखा असो की टोपी, डोकं झाकलेलं हवं आणि पायात चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. चौथी गोष्ट ऐकून अब्बा नाराज झाले: अत्तर लावायचं नाही. कड्याकपारीत आग्या मोहोळं असतात, उग्र वासाने आणि धुराने ती चवताळतात. पाचवी गोष्ट डबा. खजूर, गूळ-शेंगदाणे, काकडी, भाकरी आणि सुकी भाजी. गडावर देऊळ आहे, गावाची श्रद्धा आहे, म्हणून कबाब घरीच ठेवले. ते दुपारी उतरल्यावर जास्त गोड लागले.

आणि शेवटची गोष्ट, जी आम्ही स्वतः जोडली. कोणाला चक्कर आली, डोकं दुखू लागलं, मळमळलं, की गड अर्धा राहिला तरी सगळ्यांनी उतरायचं. ज्याच्यामुळे उतरलो त्याला कोणी टोमणा मारायचा नाही.

या वेळी पहाटेचा वारा अंगावर होता. करवंदं पिकली होती, धाकटीची ओंजळ आणि ओठ दोन्ही जांभळे झाले. मागच्या वेळी जिथे लेक बसली होती ती जाळी आली. ती क्षणभर थांबली, पाण्याचा घोट घेतला आणि पुढे चालू लागली. पहिला दरवाजा गेला, दुसरा गेला. मग तिसरा आला. त्याच्या दोन्ही अंगांना हत्तीची शिरं कोरलेली आहेत आणि दोन शिलालेख आहेत, एक देवनागरीत, दुसरा फारसीत. ते १६५६ सालचे आहेत, आदिलशाहीच्या काळातले.

आमची मुलं मराठी शाळेत जातात, उर्दू घरी शिकली आहेत. लेकीने आधी देवनागरी अक्षरं लावून पाहिली, मग पलीकडे जाऊन फारसी अक्षरांवर बोट न टेकवता हवेतच बोट फिरवलं. "हा अलिफ. हा मीम. हा दाल असेल." दगड झिजलेला, लिपीचं वळण जुनं, पूर्ण ओळ काही लागली नाही. पण ती वळून म्हणाली, "इथे आपल्या घरासारखंच आहे. दोन्ही लिहिलंय." आम्हाला त्यावर काही जोडावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर किल्ला म्हटलं की आमच्यातले बरेच जण जरा अंतर ठेवून उभे राहतात, आपण इथे पाहुणे आहोत असं समजून. पण हे हिरडस मावळ आहे. बांदलांचं, बाजीप्रभूंचं, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथल्या मातीत राहिलेल्या आमच्यासारख्यांचंही. मुलीने ते दगडावरच वाचलं होतं.

वर माचीवर दोन रकात शुक्राने अदा केले, पाच-सहा जणांनी मिळून खाल्लं आणि कचरा पिशवीत भरून साडेनऊला खाली आलो. त्या मावशी दिसतील म्हणून खजुराचा पुडा वेगळा ठेवला होता. त्या भेटल्या नाहीत, म्हणून बाजारवाडीत एका घरी ठेवून आलो.

ज्यांना रोहिडा जमेल त्यांनी पुढे रायरेश्वराचं पठार पाहावं. तिथे कड्याला लोखंडी शिडी लावलेली आहे आणि पठारावर आजही कुटुंबं राहतात. राजगड आणि तोरणा मात्र उन्हाळ्यात नवख्यांनी एकदम करू नयेत. १,४०३ मीटरचा तोरणा हा पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला, त्याचा चढ दमवणारा आहे. तो हिवाळ्यासाठी ठेवावा. आणि भाटघर, पानशेतच्या पाण्यात गार वाटतं म्हणून मुलांना उतरू देऊ नका. धरणाचा काठ वरून उथळ दिसतो आणि एका पावलात खोल होतो. दर उन्हाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो.

घरी आलो तेव्हा अम्मी ओट्यावर बसल्या होत्या. सत्तरी ओलांडली, सगळं आयुष्य याच डोंगरांच्या पायथ्याशी गेलं, एकदाही चढल्या नाहीत. त्यांनी नातीला विचारलं, "वर काय होतं गं?" ती म्हणाली, "दादी, मराठी होतं आणि फारसीसुद्धा." अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मला बाजारवाडीपर्यंत तरी न्या. पण निघायचं लवकर."

शाळा उघडायला अजून दिवस आहेत. तुमच्या गावाजवळही एखादा डोंगर असेलच. मुलाला न्याल तसं मुलीलाही न्या, आणि फजरनंतर लगेच निघा.