साक्षात्काराची घाई नको

१८५८ साली फ्रान्समधल्या लूर्द गावी चौदा वर्षांच्या बर्नादेतने गुहेत एक तेजस्वी स्त्री दिसल्याचे सांगितले. लोक गुहेकडे धावले; बिशपांनी मात्र चौकशी समिती नेमली. मान्यता मिळायला १८६२ साल उजाडले.

मेजुगोर्येची कथा अधिक बोलकी आहे. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या या खेड्यात १९८१ साली सहा मुलांनी मरियामातेचे दर्शन झाल्याचे सांगितले. तेव्हापासून लाखो यात्रेकरू तिथे गेले. २०२४ मध्ये व्हॅटिकनने तिथल्या भक्तीला मोकळीक दिली. दर्शने अलौकिक असल्याचा निर्वाळा मात्र दिला नाही.

हा सावधपणा काहींना अश्रद्धा वाटतो. पण प्रकटीकरण ख्रिस्तात पूर्ण झाले, असे मानणाऱ्या चर्चच्या लेखी खासगी साक्षात्कार मान्य झाला, तरी तो मानण्याची सक्ती कोणावर नसते. घाईची किंमत द्रष्टे मोजत नाहीत. औषध सोडणारा रोगी आणि गाठीची पुंजी वाहणारा गरीब मोजतो. चर्चची दिरंगाई त्यांच्यासाठी आहे.

बर्नादेतने पैसे, भेटी नाकारल्या. पुढे नेव्हेरच्या मठात आजाऱ्यांची सेवा केली. ज्याला काही मिळवायचे नसते, त्याला चौकशीचे भय कसले?