राखणदार कुत्र्याची खाज

शेताची व गोठ्याची रात्रभर राखण करणारा कुत्रा अंग खाजवू लागला, की त्यास ट्रॅक्टरचे जळके ऑइल चोपडावयाचे अथवा पिकावरील कीटकनाशक लावावयाचे, असा प्रघात पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो बंद झाला पाहिजे. कुत्रा आपले अंग चाटतो. त्यामुळे हे विष त्याच्या पोटात जाते आणि रोगापेक्षा उपचारानेच तो दगावण्याचा संभव असतो.

खाज हा रोग नव्हे, ते लक्षण होय. कमरेवर व शेपटीच्या मुळाशी खाज असल्यास बहुधा पिसवांचा उपद्रव असतो. कित्येक कुत्र्यांना पिसवांची लाळ सोसत नाही. अशांना थोडे चावेही पुरतात. कानांच्या कडांवरील व कोपरांवरील केस झडून खपल्या धरल्यास खरजेचा संशय घ्यावा. ती डोळ्यांस न दिसणाऱ्या किडीमुळे होते व तिचा उपसर्ग माणसांसही पोहोचतो. म्हणून मुलांना अशा कुत्र्याजवळ जाऊ देऊ नये. खरे कारण तपासणीवाचून कळत नाही. यास्तव कुत्र्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात नेणे हाच योग्य मार्ग होय.

पिसवांची अंडी कुत्र्याच्या बसण्याच्या जागी गळून पडतात. तेव्हा केवळ कुत्र्यास औषध लावून भागत नाही. त्याचे पोते उकळत्या पाण्यात धुवावे, जागा वरचेवर झाडावी आणि घरातील इतर कुत्र्यांवरही उपचार करावेत.

ग्रामसेवकांनी गुरांच्या लसीकरणाच्या वेळी कुत्र्यांचीही विचारपूस करावी. जो मुका प्राणी धन्याच्या मालाची राखण करतो, त्याच्या कातडीची काळजी वाहणे हे धन्याचे कर्तव्य होय.