एमेई पर्वतावर : नियम आपला, घर त्यांचे

ग्वांगझौ आणि यिवू ही नावे आपल्या व्यापारी घरांना नवी नाहीत. नमुने पाहणे, दर ठरवणे, माल तपासणे यांसाठी तेथे जाणे-येणे अनेक पेढ्यांच्या अंगवळणी पडले आहे. कामाला चार दिवस जोडून घरच्या मंडळींसह चीनचा एखादा डोंगराळ प्रदेश पाहावा, असा विचार मग मनात येतो. त्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न तिकिटाचा नसतो, ताटाचा असतो : तेथे आपण खाणार काय?

या प्रश्नाला बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर देणारा एक पर्वत सिचुआन प्रांतात आहे. त्याचे नाव एमेई. स्थानिक उच्चार मात्र आपल्या ‘अमेय’ या शब्दाच्या जवळ जाणारा. वूताय, फूथुओ, ज्युह्वा आणि एमेई हे चिनी बौद्धांचे चार पवित्र पर्वत होत. चेंगदू शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटरवरील हा पर्वत आणि त्याच्या जवळची लेशान येथील 71 मीटर उंचीची बुद्धमूर्ती यांची 1996 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. शिखरावरील मठांपर्यंत बस आणि रोपवे जातात. मठ असल्यामुळे शाकाहार येथे अपरिचित नाही. तरीही त्यांचा शाकाहार आणि आपला शाकाहार हे सख्खे भाऊ नव्हेत, चुलत आहेत. हा फरक आधी समजून घेतला, तर आपला नियम मोडत नाही आणि यजमानाचे मनही दुखावत नाही.

प्रथम निघण्यापूर्वीची तयारी. भारतीय पारपत्रधारकाला व्हिसा आधीच काढावा लागतो. रेल्वेचे तिकीट पारपत्रावरील नावानेच निघते, म्हणून मूळ पारपत्र नेहमी जवळ असावे. परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे 24 तासांच्या आत नोंदणी व्हावी लागते. हॉटेलात उतरल्यास ती हॉटेलच करते. परिचिताच्या घरी राहिल्यास आपण विसरता कामा नये. व्यवहार बहुतेक ठिकाणी फोनवरून होतात. अलीपे किंवा वीचॅटला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड घरूनच जोडून घ्यावे व थोडे रोख युआनही बाळगावेत. गूगल आणि व्हॉट्सॲप तेथील इंटरनेटवर चालत नाहीत. म्हणून भाषांतराचे साधन आणि नकाशा फोनमध्ये आधी उतरवून घ्यावा. आणखी एक बारीक, पण विमानतळावर अडवणारी गोष्ट : जून 2025 पासून चीनच्या अंतर्गत विमानांत ‘थ्री-सी’ हे चिनी प्रमाणचिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही.

शिदोरीविषयीही सावध असावे. ताजी फळे, भाज्या, बियाणे, दूध, लोणी, चीज असे पदार्थ चीनमध्ये नेण्यास मनाई आहे. तुपाचा डबाही घरीच ठेवलेला बरा. खाखरा, भाजलेले पोहे, कुरमुरे, सुकी चटणी असा कोरडा फराळ बंद पाकिटातून न्यावा आणि विचारणा झाल्यास तो मोकळेपणाने दाखवावा.

वेळेचा हिशेब मात्र नव्याने मांडावा लागतो. संपूर्ण चीनमध्ये घड्याळ एकच, बीजिंगचे. एमेई बीजिंगच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे तेथे सूर्य घड्याळाच्या मानाने उशिरा उगवतो आणि उशिरा मावळतो. जूनमध्ये सूर्यास्त रात्री आठनंतर होतो, तर डिसेंबरमध्ये सूर्योदयालाच जवळजवळ आठ वाजतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्यांना उन्हाळा सोयीचा. नवकारशी पाळणाऱ्यांनी हिवाळ्यात सकाळची बस ठरवताना हा फरक ध्यानात घ्यावा.

आता मुख्य विषय. चिनी भाषेत शाकाहाराला ‘सू’ म्हणतात. ‘वो छ्र सू’ म्हणजे मी शाकाहारी आहे. एवढे सांगितल्याने मांसाचे तुकडे ताटात येत नाहीत. परंतु साध्या उपाहारगृहात ‘मांस नको’ याचा अर्थ अनेकदा तेवढाच घेतला जातो. रस्सा हाडांचा असू शकतो, फोडणी डुकराच्या चरबीची असू शकते आणि चवीसाठी कोंबडीच्या अर्काची पूड पडलेली असते. सिचुआनचे प्रसिद्ध मापो तौफू आणि कोरड्या परतलेल्या शेंगा यांत बहुधा खिमा असतोच. तिखट ‘हॉटपॉट’चा मूळ रस्सा बहुतेक ठिकाणी गाईच्या चरबीत शिजतो. म्हणून शक्यतो मठातील भोजनगृहात किंवा ‘सू’ची पाटी असलेल्या उपाहारगृहातच जेवावे.

मठाचे नियम आपल्याला ओळखीचे वाटतील. चिनी बौद्ध परंपरेत मांस-मासे-अंड्यांबरोबर पाच उग्र पदार्थही वर्ज्य आहेत. लसूण आणि कांद्याच्या जातीच्या वनस्पती त्यांतच येतात. गंमत म्हणजे, परंपरेने सांगितलेला पाचवा पदार्थ हिंग होय. आपण कांदा-लसणाची उणीव ज्याने भरून काढतो, तेच त्यांच्या यादीत निषिद्ध! तेव्हा हिंगाची फोडणी दिलेला आपला फराळ मठाच्या भोजनगृहात उघडू नये. तो खोलीवर खावा.

फरक पुढे सुरू होतो. मठात कंदमुळांना बंदी नाही. बटाटा, कमळाचे मूळ, आले, मुळा तेथे सर्रास असतात. आळंबीवर तर मठातील स्वयंपाकाचा मोठा भर. एमेईची खासियत म्हणून पाटीवर दिसणारे करडे, जाळीदार ‘स्नो कोंजॅक’ हे सुरणाच्या कुळातील कंदापासून केलेले असते. आणखी एक गोष्ट घरच्या मुलांना आधी सांगून ठेवावी : मठाच्या भोजनात सोयाबीन किंवा गव्हाच्या सत्त्वापासून केलेले मासा, बदक, कोंबडी यांच्या आकाराचे पदार्थ येतात. ते शाकाहारीच असतात. आपल्याला तो आकार रुचत नसेल, तर ते मागवू नयेत. पण मागवल्यावर नाके मुरडू नयेत.

यावर उत्तम उपाय म्हणजे चिनी लिपीत लिहिलेले एक कार्ड. आपल्या व्यापारी परिचिताकडून ते लिहून घ्यावे. त्यात मांस, मासे, अंडी, चरबी, हाडांचा रस्सा, ऑयस्टर सॉस आणि कोंबडीची पूड नको, हे आधी यावे. मग कांदा, पात, लसूण आणि आपण पाळत असू ती कंदमुळे व आळंबी. त्यानंतर काय चालते तेही लिहावे : पांढरा भात, तौफू, कोबी, भोपळा, कोहळा, घोसाळे, काकडी. नुसता नकार वाचून स्वयंपाकी गोंधळतो. चालणाऱ्या भाज्यांची नावे वाचली, की त्याचे हात कामाला लागतात. कढई धुऊन घेण्याची विनंती त्याच कार्डावर असावी. शेवटची ओळ मात्र चुकवू नये : ‘हा आमचा धर्मनियम आहे, आपल्या स्वयंपाकात काही उणे आहे म्हणून आम्ही नाकारत नाही.’ चिनी समाजात चारचौघांत मान राखणे फार मोलाचे मानतात. कारण कळले, की नकार अपमान वाटत नाही.

पाण्याच्या बाबतीत चीन आपल्याला सुखावतो. तेथे उकळलेले पाणी पिण्याची रीत घरोघरी आहे. रेल्वेच्या डब्यात, स्थानकावर, हॉटेलच्या खोलीत त्याची सोय असते. ‘खाय श्वेय’ म्हटले, की उकळते पाणी मिळते. चांगला थर्मास जवळ असला, म्हणजे गरम पाणी वापरणाऱ्या मंडळींची निम्मी काळजी मिटते.

कधी चिनी व्यापारी स्वतःच यजमान होऊन पर्वत दाखवायला येतो. तेव्हा जेवण तोच मागवतो, पाहुण्याच्या ताटात स्वहस्ते वाढतो आणि बिलही तोच देतो. ऐन ताटावर नकार देण्यापेक्षा आदल्या दिवशीच कार्ड त्याच्या हाती द्यावे. बिल वाटून घेण्याची भाषा करू नये. पुढच्या वेळी आपण जेवण द्यावे. मद्याचा आग्रह झाला, तर चिनी रीतीतच त्याला मार्ग आहे. ‘यी छा ताय ज्यौ’, म्हणजे मद्याऐवजी चहा, असे म्हणून चहाचा पेला उचलावा. वडीलधाऱ्यांच्या पेल्यापेक्षा आपला पेला किंचित खाली धरावा. भेटकार्ड व भेटवस्तू दोन्ही हातांनी द्यावी-घ्यावी. भेट म्हणून घड्याळ कधीही देऊ नये; चिनी भाषेत ‘घड्याळ देणे’ या शब्दांचा उच्चार अंत्यविधीच्या शब्दांशी जुळतो. चॉपस्टिक भातात उभ्या खोचणे हेही मृतासाठी लावलेल्या उदबत्त्यांची आठवण देणारे, म्हणून अशुभ.

मठात प्रवेश करताना उंबरठ्यावर पाय देऊ नये, तो ओलांडावा. टोपी काढावी, मूर्तीकडे बोट दाखवू नये आणि सभागृहातील मूर्तींची छायाचित्रे घेऊ नयेत. भिक्षूशी हस्तांदोलन न करता हात जोडावेत. तेही ‘अमीथुओफो’ म्हणून हात जोडतील. वाननियान मठात इ. स. 980 मध्ये ओतलेली, सहा दातांच्या हत्तीवर बसलेल्या समंतभद्र बोधिसत्त्वाची कांस्यमूर्ती आहे. ती अवश्य पाहावी. तेथे उदबत्ती लावणे वा मस्तक टेकवणे कोणी सक्तीचे करत नाही. शांतपणे बाजूला उभे राहणे हाही आदरच. मठातील पंगतीत मौन पाळतात आणि वाटीत घेतलेले सर्व संपवतात. ताट धुऊन पिण्याची शिकवण मिळालेल्या घरांना हे निराळे सांगायला नको. मात्र प्रथमच थोडे वाढून घ्यावे.

एमेईचे ‘सुवर्णशिखर’ 3,077 मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून सुमारे चौदाशे मीटर अधिक. बस लेइडोंगपिंगपर्यंत जाते. तेथून थोडी पायऱ्यांची चढण व मग रोपवे. इतक्या झटपट उंची गाठल्याने काहींना दम लागतो वा डोके दुखते. हृदयविकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ला घेऊनच वर जावे. पायथ्याशी घाम येत असला, तरी वर कडाक्याची थंडी असते. हिवाळ्यात पायऱ्यांवर बर्फ गोठते. गरम कपडे, रेनकोट आणि न घसरणारे बूट हवेतच. तेथील ढगांचा सागर व सूर्योदय प्रसिद्ध आहेत. परंतु धुके कोणाचे ऐकत नाही. एक मुक्काम अधिक ठेवावा.

शेवटी माकडांविषयी. वाटेवरच्या माकडांना काहीतरी खाऊ घालावे, असे आपल्या मुलांना सहजच वाटेल. येथे ती दया ठरत नाही. माणसाच्या हातून खाण्याची सवय लागलेली माकडे पिशव्या हिसकावतात, चावतात आणि मग त्यांनाच हुसकावले जाते. पिशवी हातात लोंबकळू देऊ नये, खाद्यपदार्थ दाखवू नयेत, डोळ्याला डोळा भिडवू नये. अंगावर आलेच, तर रिकामे तळहात दाखवून शांतपणे पुढे चालावे.

बाजारातून जाताना टांगलेले मांस दिसेल. मान वळवून पुढे जाण्याची मुभा आपल्याला आहे. विक्रेत्यासमोर तोंड वाकडे करण्याची नाही. नियम आपण आपल्यासाठी घेतलेला असतो, त्याचे ओझे वाहणेही आपलेच काम. जेवण झाल्यावर भटारखान्याच्या दारापर्यंत जाऊन स्वयंपाक करणाऱ्याला ‘श्येश्ये’, म्हणजे धन्यवाद, अवश्य म्हणावे. आपल्यासाठी त्याने कढई निराळी धुतलेली असते. पुढच्या वेळी कोणी तसेच कार्ड घेऊन त्याच्यासमोर उभे राहिले, तर ते तो हसून हाती घेईल.