कर्जाचा कागद आणि मनाचा घोर

शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली केंद्र सरकारने ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांमध्ये वाशिम होता. पुढे २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफ्या झाल्या. तरीही आत्महत्यांच्या बातम्या थांबल्या नाहीत. शासनाचे उत्तरदायित्व यामुळे तसूभरही कमी होत नाही. परंतु खचलेल्या माणसापर्यंत शासनाच्या आधी पोहोचू शकतो तो त्याचा मित्र. या मित्राने नेमके काय करावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

रिसोड, मालेगावकडचा कोरडवाहू शेतकरी सोयाबीन आणि तुरीवर वर्ष काढतो. एक हंगाम बुडाला की पीककर्ज थकते, थकबाकीदाराला बँक नवे कर्ज देत नाही आणि पाय सावकाराच्या दाराकडे वळतात. उपरोक्त तिन्ही कर्जमाफ्या बँका आणि सोसायट्यांच्या कर्जासाठी होत्या. सावकाराची चिठ्ठी त्यांच्या कक्षेबाहेरच राहिली. ही चिठ्ठी घरच्यांनाही ठाऊक नसते. तो माणूस पारावर येणे सोडतो, लग्नकार्ये टाळतो. झोप उडते, अन्नावरची वासना जाते. गाव म्हणते, माणूस बदलला. वास्तविक तो आजारी असतो. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

अशा वेळी मित्र दोनपैकी एक चूक करतात. कोणी हातउसने पैसे देऊन मोकळा होतो, तर कोणी ‘धीर धर’ असा उपदेश करून. परंतु पैशाने मन सावरतेच असे नाही आणि उपदेशाने कर्ज फिटत नाही. ही दोन्ही ओझी एकाच वेळी उचलावी लागतात.

पहिले काम ऐकण्याचे. मरणाचे विचार मनात येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट मनावरचे दडपण हलके होते. उत्तर होकारार्थी आले, तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना विश्वासात घ्यावे, फवारणीची औषधे घराबाहेर कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ या ‘टेलिमानस’च्या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र समुपदेशन मिळते. जिल्हा रुग्णालयात त्याला नुसते पाठवू नये, सोबत जावे.

दुसरे काम कागदांचे. बँक, सोसायटी, कृषी केंद्र, सावकार या सर्वांच्या देण्याची एकत्र यादी करावी. खचलेल्या मनाला आकडा असतो त्याहून मोठा भासतो. कागदावर उतरला की त्याला कडा येतात. कर्जाच्या पुनर्गठनासाठी बँकेत त्याच्यासोबत बसावे. अवैध सावकारीत जमीन गेली असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यान्वये सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे ती परत मिळवण्यासाठी दाद मागता येते. ही वाट एकट्याने चालण्याचे बळ त्याच्यात त्या वेळी नसते.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमात गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी मानसिक आरोग्याचे काम केले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. उंबरठ्यावर आलेला ओळखीचा माणूस काय करू शकतो, याचा हा पुरावा होय.

पेरणी खोळंबली तर सावडीने एकमेकांचे शेत उरकून देणारा हा समाज आहे. शेतासाठी जी सावड चालते, तीच मनासाठीही चालली पाहिजे. अंत्ययात्रेला गोळा होणाऱ्या गावातील एक जण जरी काही महिने आधी त्या ओट्यावर जाऊन बसला, तर पुष्कळ घरे सावरतील.