लक्षण उपटून काढण्याआधी

पहिल्या महायुद्धात डोक्याला जबर मार लागूनही वाचलेले जर्मन सैनिक फ्रँकफर्टला कुर्ट गोल्डस्टाइन या मेंदूविकारतज्ज्ञांकडे उपचारांसाठी येत. त्यांच्यापैकी काहींची कपाटं कमालीची नीटनेटकी असत. वस्तू जागची हलली की माणूस कासावीस होई. गोल्डस्टाइन यांना हा नीटनेटकेपणा आजाराचं आणखी एक लक्षण म्हणून नोंदवून पुढे जाता आलं असतं. त्यांनी त्याचा अर्थ लावला. जखमी मेंदूला अनपेक्षित काही पेलत नाही, म्हणून हा माणूस आपलं जग लहान आणि बिनधोक करून घेतो आहे. ती सवय त्याला सांभाळते आहे.

त्यांच्या एका रुग्णाला डोळे मिटून नाकाकडे बोट दाखवायला सांगितलं, तर जमत नसे. डास चावला की मात्र हात बिनचूक त्या जागी जाई. हात तोच, नाक तेच. प्रसंग बदलला की क्षमता बदलत होती.

१९३३मध्ये नाझींनी गोल्डस्टाइन यांना अटक केली. देश सोडण्याच्या अटीवर सुटका झाल्यावर ते ॲमस्टरडॅमला गेले आणि १९३४मध्ये त्यांचा मुख्य ग्रंथ आला. शरीर, मन आणि भोवतालची परिस्थिती यांचा एकत्र विचार केल्याशिवाय आजारी माणूस समजत नाही, हे त्याचं सार. समग्र मानसोपचाराची एक भक्कम मुळी ही अशी इस्पितळातल्या चिकाटीच्या निरीक्षणात आहे. आज त्याच नावाने सुगंधी तेलं आणि स्फटिक विकले जातात, तेव्हा या परंपरेवर मोठा अन्याय होतो.

१९२६मध्ये फ्रिट्झ पर्ल्स हा तरुण डॉक्टर गोल्डस्टाइन यांच्या हाताखाली काम करत होता. लॉरा पोस्नर तिथेच शिकत होत्या. पुढे दोघांनी लग्न केलं, नाझींपासून पळ काढला आणि जोहान्सबर्ग गाठलं. तिथे फ्रिट्झ यांच्यावर दक्षिण आफ्रिकेतले राजकारणी यान स्मट्स यांच्या विचारांचा प्रभाव पडला. सृष्टीची घडणच पूर्णत्वाकडे झुकलेली आहे, असं मांडणारा स्मट्स यांचा ग्रंथ १९२६चा.

हे स्मट्स आपल्या ओळखीचे आहेत. गोपाळ कृष्ण गोखले १९१२मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले आणि गिरमिटाची (मजुरी-कराराची) मुदत संपलेल्या भारतीय मजुरांवरचा तीन पौंडांचा कर रद्द व्हावा म्हणून ज्या मंत्र्यांना भेटले, त्यांत स्मट्सही होते. तसं आश्वासन दिल्याचं सरकारने पुढे नाकारलं, आणि १९१३मध्ये मजुरांचा मोठा संप झाला. पूर्णत्वाचं तत्त्वज्ञान लिहिणारा हा माणूस राज्यकारभारात मात्र वर्णभेद मानत होता. कुणाला वगळून हे ‘पूर्ण’ उभं राहिलं आहे, हा प्रश्न त्यामुळे समग्रतेच्या प्रत्येक दाव्याला विचारायलाच हवा.

पर्ल्स दांपत्य पुढे न्यूयॉर्कला गेलं. राल्फ हेफरलाइन आणि पॉल गुडमन यांच्यासह फ्रिट्झ यांचं ‘गेस्टाल्ट थेरपी’ हे पुस्तक १९५१मध्ये आलं. बालपण उकरण्यापेक्षा या उपचारात ‘आत्ता’ला महत्त्व आहे: बोलताना श्वास कुठे अडकतो, मूठ का आवळली जाते, नजर कधी चुकवली जाते. साठच्या दशकात कॅलिफोर्नियात फ्रिट्झ यांनी प्रेक्षकांसमोर केलेली प्रात्यक्षिकं गाजली आणि उपचाराला तमाशाची कळा आली. लॉरा यांचं न्यूयॉर्कमधलं संथ, वर्षानुवर्षांचं काम कमी गाजलं. पण परंपरेचं सत्त्व त्यांनीच जपलं.

यात औषधांशी वैर नाही. गोल्डस्टाइन आणि फ्रिट्झ पर्ल्स दोघेही डॉक्टरच होते. झोप उडालेल्या बाईला गोळी लागत असेल, तर ती जरूर द्यावी. पण रात्री ती कुणाच्या पावलांची चाहूल घेत जागी असते, हेही विचारावं. उत्तर घरातल्या मारहाणीचं निघालं, तर तो जागेपणा तिची राखण करतो आहे. अशा वेळी दीर्घ श्वास शिकवून तिला त्याच घरात परत पाठवणं हा उपचार होत नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने नेमलेला संरक्षण अधिकारी, वकील आणि राहायला दुसरी सुरक्षित जागा हेही उपचाराच्या आराखड्यात आलं पाहिजे.