वर्गणी चालेल, दर्जा नको

'अ‍ॅक्सनार'चा विषय निघाला की "फुकटे चाहते, दुसऱ्याच्या मालावर डल्ला मारतात" हे ठरलेलं वाक्य येतं. मला ते पटत नाही.

'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी २०१४ मध्ये 'प्रील्यूड टू अ‍ॅक्सनार' ही वीसेक मिनिटांची फिल्म काढली. ती बघताना हे हौशी काम आहे, हे मी विसरलो होतो. पूर्ण चित्रपटासाठी लोकांनी दहा लाख डॉलरहून जास्त वर्गणी दिली. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरामाउंट आणि सीबीएसनं खटला भरला. जानेवारी २०१७ मध्ये कोर्टानं 'फेअर यूज'चा बचाव नाकारला आणि मग तडजोड झाली. कायदा कंपन्यांच्या बाजूनं होता, मान्य. वर्गणीतला पैसा स्टुडिओ उभारण्यातही गेला, ते मलाही खटकतं.

पण जून २०१६ मध्ये सगळ्याच चाहत्यांसाठी आलेले नियम बघा. गोष्ट १५ मिनिटांची, फार तर दोन भाग. वर्गणी ५०,००० डॉलरपर्यंतच. कुणालाही मोबदला नाही. आधी 'स्टार ट्रेक'मध्ये काम केलेला माणूस तर नकोच.

चोरीच रोखायची होती, तर नफ्यावर बंदी पुरली असती. लाइटवाल्याला मजुरी दिल्यानं कुणाचा कॉपीराइट बुडतो? ही भीती चोरीची नाही, तुलनेची आहे.

१९६८ मध्ये मालिका बंद पडू नये म्हणून चाहत्यांनी एनबीसीवर पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरा सीझन मिळवला. तेव्हा पत्र किती ओळींचं असावं, याचा नियम कुणी काढला नव्हता.