स्कॅन झालंय, मग दगड उचलू?

वेल्समधली गावोगावची चर्चेस ओस पडत चालली आहेत. माणसं येत नाहीत, छपराचा खर्च मात्र थांबत नाही. चर्च विकलं, तर आतल्या मध्ययुगीन दगडी बाप्तिस्मा-कुंडाचं काय करायचं? माझ्याच व्यवसायातल्या लोकांचं उत्तर तयार असतं: "थ्रीडी स्कॅन करा, दगड म्युझियममध्ये हलवा. विषय संपला." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, श्रद्धाळू नाही, ख्रिस्ती तर नाहीच. तरीही हे उत्तर मला उथळ वाटतं.

कुंड सहसा दाराजवळ असतं. बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश, म्हणून पाणीही प्रवेशापाशीच. म्युझियमच्या चौथऱ्यावर ठेवलंत की उरतं एक कोरीव भांडं. "मग अख्ख्या चर्चचं स्कॅन करू," असं कुणी म्हणेल. जरूर करा. पण मग जपायची वस्तू म्हणजे नुसतं कुंड नव्हे, हे तुम्हीच कबूल केलंत. शिवाय बॅकअपची खरी परीक्षा रिस्टोअर करताना होते. फाइलवरून दगडाची नक्कल निघेल; चर्चचं हॉलिडे होम झाल्यावर ती ठेवणार कुठे?

काहीच बदलू नये, असं माझं म्हणणं नाही. अँगलसी बेटावरच्या पेनमोनचं कुंड मुळात एका क्रूसाच्या तळाचा दगड असावा, असं मानतात. १२३६ साली कँटरबरीच्या आर्चबिशपने कुंडांना कुलूपबंद झाकणं लावायला सांगितलं, कारण लोक आतलं पवित्र पाणी जादूटोण्यासाठी चोरत. अशा कड्या-कोयंड्यांच्या खुणा अनेक जुन्या कुंडांच्या काठावर अजून दिसतात. पॅट्रिशोच्या कुंडावर लॅटिनमध्ये कोरलंय की गेनिलिनच्या काळात मेनहिरने ते घडवलं. ते ११व्या शतकातलं मानतात. भोवतालचं चर्च पुढे बदललं, कुंड राहिलं. हे सगळे बदल वापरातून झाले. कुंड उचलून नेलं की तो इतिहास तिथेच थांबतो.

उपाय नव्याने शोधायला नको. अँगलसीवरच्याच लानबेउलानचं चर्च आज 'फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस' ही १९५७ साली स्थापन झालेली संस्था सांभाळते, आणि तिथलं प्राचीन कुंड आतच आहे. छप्पर गळू न देणं, दार उघडं ठेवणं, एवढंच ते काम. म्हणजे मेंटेनन्स. आमच्या धंद्यातही ते कुणाला नको असतं. सगळ्यांना नवा प्रोजेक्ट हवा असतो. स्कॅनरचं कौतुक आहे तेही त्यामुळेच. पण त्याला जतन म्हणू नका.